सैतानाचं गाणं लिस्ट बघून ओळखता येत नाही

ख्रिस्ती पोरांनी रॉक ऐकावं का, मेटल ऐकावं का, हा प्रश्न आमच्याकडे तरुण संघाच्या मीटिंगमध्ये दर दोन-तीन वर्षांनी परत उगवतो, आणि विचारणाऱ्याला हो की नाही एवढंच हवं असतं. मग कोणीतरी ग्रुपवर लिस्ट टाकतं. किस या बँडचं नाव म्हणजे सैतानाच्या सेवेतले सरदार, एसी/डीसी या बँडचं नाव म्हणजे ख्रिस्तविरोधकाची लेकरं, अमुक बँडने आत्मा विकलाय, तमुक गाणं उलटं लावलं की सैतानाची स्तुती ऐकू येते. पूर्वी हीच लिस्ट झेरॉक्स होऊन रिट्रीटला वाटली जायची, आता फॉरवर्ड होते, बाकी फरक काही नाही.

तर आधी या लिस्टबद्दल. एसी/डीसी हे नाव त्या बँडमधल्या यंग बंधूंच्या बहिणीने शिलाई मशीनवर लिहिलेलं पाहिलं आणि सुचवलं, विजेच्या करंटचा प्रकार आहे तो, त्यात ख्रिस्तविरोधक वगैरे काही नाही. त्यांची गाणी आवडू नयेत याला दहा कारणं असतील, अर्धी गाणी बायका आणि दारू याच्या पलीकडे जात नाहीत हे एक कारण पुरेसं आहे माझ्या मते, पण नावाची गोष्ट खोटी आहे. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा शेजारी लांब केसांचा गिटारवाला असला तरी लागू होते ना? सैतानापासून वाचायला खोटं पसरवायचं हे मला तरी झेपत नाही.

उलट्या गाण्यांचं प्रकरण तर जुनंच आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या एका समितीसमोर लेड झेपलिन या बँडचं प्रसिद्ध गाणं उलटं वाजवून दाखवलं होतं. पुढे दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रकरणात जुडास प्रीस्ट या बँडवर केस झाली, आरोप असा की गाण्यात लपवलेला आदेश आहे, १९९० मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात खटला चालला आणि कोर्टाने बँडला दोषी धरलं नाही. त्या खटल्यात गायक रॉब हॅलफर्डने स्वतःचीच गाणी उलटी लावून दाखवली, त्यात म्हणे 'आई, माझी खुर्ची मोडली' असं काहीतरी ऐकू येत होतं. म्हणजे काय ऐकायचंय हे आधी सांगितलं की कान ते ऐकतो. मला गंमत याची वाटते की गाणं उलटं लावायला आपण रात्र घालवू, पण सरळ लावून त्याचे शब्द काय आहेत, कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, हे वाचायला दहा मिनिटं काढणार नाही.

आणि मला म्हणायचंय ते एवढंच आहे, की 'ख्रिस्ती' आणि 'जगिक' (म्हणजे चर्चबाहेरचं, जगातलं) अशी दोन लेबलं लावून पारख होत नाही. पारख एकेका गाण्याची करावी लागते, आणि त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे एकेका माणसाची करावी लागते. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा असं लिहिलं, त्यात 'सर्व' आहे, 'लिस्टमध्ये नसलेल्या' असं नाही.

लेबल चालत नाही याचं पहिलं कारण इतिहास. रॉक चर्चच्या बाहेरून आत घुसलं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते बरंचसं चर्चमधूनच बाहेर पडलं. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई आर्कान्सामध्ये जन्मली, पेंटेकॉस्टल मंडळीत वाढली, आईबरोबर सभांमध्ये गायची, हातात गिटार, पुढे इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, असं काही वाजवायला लागली की नंतरचे रॉक अँड रोलवाले तिच्याकडून शिकले. ती नाईटक्लबमध्येही गायली म्हणून तिच्याच मंडळीतल्या लोकांनी नाकं मुरडली. एल्विसला स्पर्धेतले तीन ग्रॅमी मिळाले ते तिन्ही गॉस्पेल रेकॉर्डिंगसाठी, रॉकसाठी एकही नाही. लिटल रिचर्डने तर १९५७ मध्ये ऐन भरात रॉक सोडून सुवार्तेचं काम धरलं, नंतर परत आला, परत गेला, आयुष्यभर त्याची ही ये-जा चालू राहिली. या लोकांसाठी भांडण पोटातलं होतं, चर्चचं गाणं आणि बारचं गाणं एकाच गळ्यातून येत होतं.

'पण तो बीटच सैतानी आहे हो' असं म्हणणारे काका प्रत्येक चर्चमध्ये असतात. त्यांना मी आपल्याकडचंच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, ज्या ओवीत ज्ञानेश्वरी आहे त्याच ओवीत येशूचा जन्म, मरण, पुनरुत्थान. आणि त्याच गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, हुकूम काढून लग्नात बायकांनी ओव्या गाण्यावर बंदी घातली. एका शतकात ओवी सुवार्ता सांगायला चालली, पुढच्या शतकात तीच ओवी पाखंड ठरली. छंद तोच होता, घाबरणारे बदलले. आणि बंदीचं काय झालं? रोसच्या कार्यक्रमाला नवरीला नारळाचं दूध लावताना ख्रिस्ती घरांतल्या बायका ओव्या गातच राहिल्या.

इकडे ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नगरला भजन आणि कीर्तन सोडलं नाही, उलट तेच आणलं चर्चमध्ये. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगायचे. आज आपण उपासनेत टिळकांची गाणी डोळे मिटून गातो, आणि कोणी म्हणालं टाळ-मृदंग हे हिंदूंचं आहे ते बाहेर ठेवा, तर आपणच त्याला वेड्यात काढू. मग ड्रमसेट आणि गिटारच्या डिस्टॉर्शनने काय पाप केलंय? वाद्याला आणि तालाला धर्म चिकटत नाही, निदान कायमचा तरी चिकटत नाही.

आता इथे एक 'पण' आहे आणि तो मोठा आहे. चिकटतो, माणसाच्या मनात चिकटतो.

बायबलच्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना प्रश्न पडला होता की मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा का. युरोपातल्या पाळकांना हा अध्याय शिकवताना बहुतेक भूतकाळात जावं लागत असेल, आपल्याला नाही. गणपतीत शेजारच्या काकू मोदक घेऊन दारात उभ्या राहतात आणि प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात करिंथ सुरू होतं. कोणाकडे खातात, मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच, काकूंचं प्रेम खरं आहे. कोणाकडे नम्रपणे नको म्हणतात. कोणाकडे घेतात आणि मोलकरणीला देतात, हा तिसरा प्रकार मला सगळ्यात कमी आवडतो. पौलाचं उत्तर या दोन्ही पहिल्या घरांना पटणारं आणि दोघांनाही टोचणारं आहे: खाण्याने आपण देवाच्या जवळ जात नाही, न खाण्याने कमी होत नाही, पण कालपर्यंत जो त्या मूर्तीपुढे खरोखर वाकत होता त्याचा विवेक अजून कच्चा आहे, तो ते नैवेद्य म्हणूनच खातो, आणि तुझ्या मोकळेपणामुळे तो कोसळत असेल तर तू थांब.

हे रॉकला जसंच्या तसं लागू होतं याचा पुरावा मला पुस्तकात नाही, दोन मेटलवाल्यांत मिळाला. आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन १९९९ मध्ये ख्रिस्ताकडे वळला. या बँडचं एक खूप गाजलेलं गाणं १९८२ चं, श्वापदाच्या संख्येवरचं, म्हणजे ६६६ वरचं, सुरुवातच बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या वचनांनी होते, अमेरिकेत त्यावरून निदर्शनं झाली, रेकॉर्डी फोडल्या. मॅकब्रेन विश्वासात आल्यानंतरही जवळपास पंचवीस वर्षं तेच गाणं वाजवत राहिला. त्याच्या दृष्टीने ती एक भीतिदायक स्वप्नाची गोष्ट आहे, प्रार्थना नाही. दुसरा मेगाडेथचा डेव्ह मस्टेन. तोही विश्वासात आला आणि त्याने स्वतःचंच एक जुनं गाणं कॉन्सर्टमध्ये वाजवणं बंद केलं, कित्येक वर्षं बंद, २०१८ ला जाऊन परत वाजवलं. का? कारण पोरवयात तो खरोखर जादूटोण्याच्या नादी लागला होता आणि त्या गाण्यात ते उतरलं होतं. मॅकब्रेनसाठी सैतान हे नाटकातलं पात्र होतं, मस्टेनसाठी तो जुना ओळखीचा होता.

आता यातला बरोबर कोण? माझ्या मते दोघंही. आणि हेच लोकांना पटत नाही, कारण दोन उत्तरं बरोबर असली की नियम करता येत नाही.

आपल्या गावाकडे हे अजून स्पष्ट दिसतं. ज्या घरात पूर्वी जागरण-गोंधळ व्हायचे, आईच्या अंगात यायचं, त्या घरातून विश्वासात आलेल्या माणसाला संबळ वाजला की पोटात गोळा येतो. त्याला तुम्ही स्टीफन्स आणि टिळक सांगून 'ताल निष्पाप आहे' असं पटवायला जाऊ नका, त्याच्यासाठी तो निष्पाप नाहीये. पण त्यानेही पुण्यातल्या तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती पोरीला, जिच्यासाठी संबळ म्हणजे फक्त एक भारी वाद्य आहे, सैतानाची मुलगी म्हणू नये. तेच मेटलचं. ज्या पोराने नशेच्या दिवसांत एक विशिष्ट बँड लूपवर ऐकला तो बँड परत कानावर आला की त्याला सुईची आठवण येत असेल, तर त्याच्यासाठी तो बँड संपला, आणि त्याच्या मित्रांनी त्याच्यासमोर गाडीत तो लावू नये. पण याची लिस्ट कशी करणार? ती फक्त त्या पोराला माहितीये.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर हा लेख लिहायचा होता ती. चर्चमध्ये रडायला जागा उरली नाहीये. मी जी नवी वर्शिपची गाणी ऐकतो, हिंदी, मराठी, इंग्लिश, त्यातल्या बहुतेकांत चौथ्या ओळीपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं. अंधार आला, तू आलास, विजय झाला, कोरस. आणि बायबल बघा. स्तोत्रसंहितेतली किती स्तोत्रं विलापाची आहेत, आणि ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया नाही, काही नाही. ईयोब आपला जन्मदिवस शापतो. १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसून लोक रडतात, आणि त्याची शेवटची वाक्यं इतकी भयंकर आहेत की आपण ती वाचतच नाही, वांद्र्यापासून मडगावपर्यंत प्रत्येक ख्रिस्ती लग्नात बोनी एमच्या तालावर त्याच स्तोत्रावर नाचतो मात्र. (हे १९७८ पासून चालू आहे आणि निर्वासितांच्या आक्रोशावर आपण मसाला-पापड खात नाचतोय हे कोणाच्या लक्षात आलेलं मी पाहिलेलं नाही. मीही नाचतो, गाणं चांगलंच आहे.)

ज्या पोराचे वडील गेलेत, किंवा आई-बाबा वेगळे होतायत, किंवा ज्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही, त्याला रविवारी विजयाचं गाणं मिळतं आणि सोमवारी हेडफोनमध्ये कोणीतरी त्याच्यासारखं ओरडताना मिळतं. तो कुठे जाणार? ते ओरडणं पूर्ण सत्य नसेल, पण खोटं तरी नाहीये. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचे आई-वडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे होते, औषधोपचार घ्यायचे नाहीत अशी शिकवण, आईला कॅन्सर झाला, उपचार नाकारले गेले, तो सोळा वर्षांचा असताना ती गेली. १९९१ च्या अल्बममध्ये त्याने यावर गाणं लिहिलं, देव नापास झाला अशा अर्थाचं. लिस्टमध्ये हे गाणं हमखास असतं, देवनिंदा म्हणून. मी म्हणेन की प्रत्येक पाळकाने हे गाणं एकदा बसून ऐकावं. विशेषतः ज्यांच्या सभेत 'गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा' असं सांगितलं जातं त्यांनी. तो देवावर चिडलाय की देवाच्या नावाने त्याच्या आईला मरू देणाऱ्या शिकवणीवर, हे ऐकल्यावर कळेल, आणि मला वाटतं दुसरं असेल तर बायबलमधले संदेष्टेही याच बाजूला उभे राहतील.

याच्या उलट बाजूला गायक जॉनी कॅश. नाईन इंच नेल्स या बँडचं १९९४ चं एक गाणं आहे, नशा, स्वतःला दुखवणं, रिकामेपण, एका विशीतल्या माणसाने लिहिलेलं, पूर्णपणे जगिक, त्यात मुकुटाच्या उल्लेखाला एक घाणेरडा शब्द जोडलेला. कॅश ख्रिस्ती माणूस, स्वतः गोळ्यांच्या व्यसनातून गेलेला, सत्तरीचा, आजारी. २००२ मध्ये त्याने ते गाणं गायलं आणि तो एकच शब्द बदलून काट्यांचा मुकुट केला. एवढंच. बाकी गाणं तेच आहे, आणि तरी ते पापकबुलीसारखं ऐकू येतं, म्हातारा माणूस देवासमोर हिशोब देतोय असं. आता ते गाणं जगिक की ख्रिस्ती? लेबलवाल्यांनी सांगावं. माझ्यासाठी पारख म्हणजे कॅशने केलं ते: नीट ऐकलं, त्यात खरं काय आहे ते ओळखलं, जिथे चालणार नव्हतं तिथे हात घातला, आणि बाकी गाणं त्याच्या दुःखासकट घेतलं.

म्हणजे सगळं चालतं का? नाही. मी नाही ऐकत असंही आहे आणि त्याची कारणं मी सांगू शकतो. गन्स अँड रोझेसचं १९८८ चं एक गाणं आहे ज्यात काळ्या लोकांना आणि समलिंगी माणसांना शिव्या आहेत, स्थलांतरितांचा द्वेष आहे, बँडने स्वतः २०१८ च्या बॉक्स सेटमधून ते वगळलं. २०२५ च्या मे महिन्यात ते महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, आमच्यातली किती पोरं गेली होती, मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण ते एक गाणं माझ्या फोनमध्ये येणार नाही. आणि नोंद घ्या, आपल्या लिस्टमध्ये ते गाणं क्वचितच सापडतं. सैतानाचे शिंग असलेलं पोस्टर आपल्याला दिसतं, शेजाऱ्याचा द्वेष दिसत नाही.

दुसरं, नॉर्वेचं ब्लॅक मेटल. १९९२ पासून तिथे खरोखर चर्च जाळली गेली, शेकडो वर्षं जुनी लाकडी चर्च. बुर्झुम या बँडचा वर्ग विकर्नेस नावाचा माणूस १९९४ मध्ये खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरला, एकवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याने एका जळालेल्या चर्चचा फोटो रेकॉर्डच्या कव्हरवर छापला होता. लोक म्हणतात कला वेगळी, कलाकार वेगळा. असेल. पण ज्या देशात २००८ मध्ये कंधमाळला ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले आणि २०२३ मध्ये मणिपूरमध्ये चर्च जळाली, तिथल्या ख्रिस्ती माणसाला मी ते कव्हर टीशर्टवर घालायला सांगू शकत नाही. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न याचं सैतानपण रंगमंचावरचं होतं, मेकअप होता, पहिल्या काळातल्या त्या बँडचे शब्द लिहिणारा गीझर बटलर तर कॅथलिक घरातला, आणि १९७१ मध्ये त्याने देवाला नाकारणाऱ्यांनाच प्रश्न विचारणारं गाणं लिहिलं. ऑझीला जाळणारे आणि चर्च जाळणाऱ्याचा टीशर्ट न ओळखणारे आपण एकच आहोत, हे जरा बघा.

आणि चर्चमधल्या गाण्यांनाही तीच चाळणी लावा की. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात देव इस्राएलला म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, मला तो नको, मला न्याय हवाय. ती गाणी जगिक नव्हती बरं का, शंभर टक्के उपासनेची होती. गाण्यात येशूचं नाव बारा वेळा आलं म्हणून ते शुद्ध झालं असं आमोसला वाटत नव्हतं.

सगळ्यात मजेशीर म्हणजे हा सगळा कडकपणा फक्त इंग्लिश गिटारवाल्यांसाठी असतो. तेच काका, ज्यांना रॉकचा बीट सैतानी वाटतो, ते ख्रिसमसच्या संध्याकाळी जुनी हिंदी गाणी लावतात, कॅबरे सकट, आणि पाय हलवतात. आणि ती गाणी वाजवली कोणी? गोव्याच्या पॅरिश शाळांत मास्तरांकडून सोल्फा (पाश्चात्य सारेगम) आणि व्हायोलिन शिकलेल्या पोरांनी, जी सकाळी मिसाला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, वाजवायची आणि मुंबईत येऊन हॉटेलात जॅझ आणि स्टुडिओत सिनेमासाठी वाजवायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, शंकर-जयकिशनची अरेंजमेंट करणारे सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. हिंदी सिनेमाच्या कित्येक दारूच्या आणि नाचाच्या गाण्यांमागे चर्चमध्ये घडलेला हात आहे. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे.

आता आमच्याकडच्या एका चर्चच्या कमिटीपुढे विषय आलाय, की शनिवारी रात्री पबमध्ये बँडबरोबर वाजवणाऱ्या पोराला रविवारी वर्शिपमध्ये गिटार वाजवू द्यायची का. माझं मत विचारलं तेव्हा मी सांगितलं की आधी त्याला विचारा तो काय वाजवतो आणि ते त्याला काय करतं, त्याच्या सेटलिस्टमधली तीन गाणी कमिटीने त्याच्याबरोबर बसून पूर्ण ऐका, शब्द हातात घेऊन, सरळ बाजूने. आणि त्या पबमध्ये बसून तो परत प्यायला लागला असेल तर प्रश्न गिटारचा नाहीये, तो वेगळा बोला, प्रेमाने बोला. हे ऐकून एक जण म्हणाले, एवढा वेळ कोणाकडे आहे, त्यापेक्षा नियम करून टाकू. अजून निर्णय झालेला नाही. ईस्टरच्या क्वायरची प्रॅक्टिस मात्र सुरू झालीय आणि गिटार वाजवायला दुसरं कोणी नाही, त्यामुळे सध्या तोच वाजवतोय.